ठिणगी कुठे हरवते? (एका जुन्या आउटबोर्ड मोटरची तपासणी)



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी एकेकाळी एक स्कूटर होती, आणि पावसाळ्यात ती हमखास रुसायची. मग तिला एका बाजूला कलती करणं, प्लग काढून पॉलिशपेपरने घासणं, फुंकर मारणं आणि पुन्हा किक, हा कार्यक्रम गल्लीतल्या प्रत्येक दारात चालायचा. राजदूत, येझदी, बजाज, सगळ्यांचं दुखणं साधारण एकच: "करंट येत नाहीये." हा करंट नक्की कुठून येतो आणि वाटेत कुठे गळतो, हे मात्र मेकॅनिक सोडून कुणाला फारसं ठाऊक नसे. मी इंजिनिअरिंग केलं, मॅग्नेटोची आकृती परीक्षेत काढून मार्कही मिळवले, पण ती आकृती हातात धरायची वेळ आली कुवेतमध्ये, आणि तीसुद्धा स्कूटरवर नाही तर होडीच्या मोटरवर.

आधी पार्श्वभूमी. कुवेतमध्ये राहून समुद्राशी संबंध न येणं कठीण. तेल १९३८ साली सापडलं आणि १९४६ मध्ये त्याची निर्यात सुरू झाली. त्याआधी हा देश मोती काढून आणि मुंबईपासून मलबारपर्यंत गलबतं हाकून पोट भरत होता. जहाजाच्या कप्तानाला इथे "नोखदा" म्हणतात आणि आपल्या कोळीवाड्यात "नाखवा". शब्द एकच, फारसीतून दोन्ही किनाऱ्यांवर उतरलेला. ज्या माशाला इथे "झुबैदी" म्हणून डोक्यावर घेतात ते आपलं पापलेट. छोट्या वेगवान होडीला "तर्राद" म्हणतात, आणि बऱ्याच जुन्या कुवेती घरांत अजून एखादी तर्राद, नाहीतर तिची मोटर, कोठीच्या खोलीत पडून असते.

माझ्या एका कुवेती सहकाऱ्याच्या घरी अशीच एक मोटर आहे. जॉन्सन सी-हॉर्स, १८ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडर, दोरीने ओढून सुरू करायची, १९६०च्या दशकातली. त्याच्या वडिलांनी घेतलेली. १९९०च्या आक्रमणातही ती कुणाच्या नजरेला पडली नाही, म्हणून वाचली. वडील गेल्यावर त्याने ती बाहेर काढली. मुलांना आजोबांच्या मोटरवर कुब्बर बेटावर न्यायचं त्याच्या मनात होतं. कुब्बर किनाऱ्यापासून साधारण ३० किलोमीटर. आणि दुखणं असं होतं: मोटर थंड असताना दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू व्हायची, गोड चालायची, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी अचानक एका सिलिंडरवर यायची. थरथर, धूर, निम्मा जोर. अर्धा तास थांबलं की पुन्हा सगळं ठीक, जणू काही झालंच नव्हतं.

आता विचार करा. वीस मिनिटांत होडी किनाऱ्यापासून बरीच लांब गेलेली असते. वर दोन लहान मुलं. शमाल वारा सुटला तर अर्ध्या जोराच्या मोटरवर परत येणं म्हणजे नशिबाचा भाग. म्हणजे हा नुसता हौसेचा मामला नव्हता. एका गॅरेजवाल्याने प्लग बदलले, कार्बुरेटर साफ केला, फ्युएल पंप बदलला, तीन वेळा बिल लावलं आणि शेवटी "ही भंगारात द्या, नवीन फोर-स्ट्रोक घ्या" असा सल्ला दिला. थंड मोटर त्यांच्याकडे प्रत्येक वेळी बरोबर चालत होती. आपल्या धंद्यात नाही का, "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणतात, त्यातलीच गत.

सहकाऱ्याने मला विचारलं कारण मी "इंजिनीअर". मी विचारलं शुवैखमधल्या एका चाचांना. ते रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे, अठ्ठावीस वर्षं कुवेतमध्ये होडीच्या इंजिनांवर हात काळे केलेले, आणि तेव्हा गावी कायमचं परतायच्या तयारीत. मी सगळी कहाणी सांगितली. ते म्हणाले, "साहेब, थंड आहे तोवर सगळेच शहाणे. गरम करून बघितलात काय?"

पुढचे तीन शुक्रवार त्यांच्याबरोबर जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. पॉइंट आणि मॅग्नेटो असलेल्या कुठल्याही जुन्या इंजिनाला, म्हणजे गावाकडच्या राजदूतलाही, त्यातलं बरंचसं लागू पडेल.

ठिणगी बनते कशी

फ्लायव्हीलच्या आत चुंबक बसवलेलं असतं. ते फिरताना कॉइलच्या लोखंडी पट्ट्यांसमोरून जातं आणि कॉइलच्या जाड तारेच्या वेढ्यांत, म्हणजे प्रायमरीत, वीज खेळू लागते. फॅराडेने १८३१ मध्ये दाखवलं तेच हे. तेव्हा पॉइंट एकमेकांना टेकलेले असतात, म्हणून प्रायमरीचं वर्तुळ पूर्ण असतं. नेमक्या क्षणी कॅम पॉइंट उघडतो, वर्तुळ तुटतं, चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं आणि प्रायमरीत काहीशे व्होल्ट उसळतात. त्यावर केसापेक्षा बारीक तारेचे हजारो वेढे असतात, ती सेकंडरी. तिच्यात हेच पंधरा-वीस हजार व्होल्ट होऊन प्लगच्या फटीत उडी मारतात.

कंडेन्सरचं काम पोलिसाचं. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी पडू पाहते. ती पडली तर सगळा जोर तिथेच संपेल, प्लगला काही उरणार नाही, आणि पॉइंटही जळतील. कंडेन्सर तो झटका क्षणभर पोटात घेतो. या मोटरला बॅटरी लागत नाही, हे या रचनेचं मोठं सुख. जास्त दाबाच्या विजेचा मॅग्नेटो बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये सिद्ध केला. ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या माणसाने अमेरिकेत मिलवॉकीला आउटबोर्ड मोटर विकायला सुरुवात केली ती १९०९ मध्ये. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही दोन्ही नावं १९३६ पासून एकाच कंपनीखाली आली. ती कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे बॉम्बार्डिअरने ती नावं घेतली आणि २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरचं उत्पादनही थांबलं. म्हणजे आज "कारखान्याला विचारा" हा मार्ग उरलेला नाही. चाचांसारखी माणसं, जुनी मॅन्युअल्स आणि आपण.

आधी विचार, मग पाना

आमच्या मोटरमधली सगळ्यात उपयोगी गोष्ट अशी की दोन सिलिंडरांची इग्निशन जवळपास स्वतंत्र असते. कॉइल दोन, पॉइंटचे जोड दोन, कंडेन्सर दोन, प्लगच्या वायरी दोन. सामाईक काय? फ्लायव्हील, चुंबक, कॅम आणि फ्लायव्हीलची चावी. आता एकच सिलिंडर बंद पडत असेल तर सामाईक भागांवरचा संशय बराच कमी होतो. चुंबक कमजोर झालं असतं किंवा चावी सरकून टायमिंग बिघडलं असतं तर दोन्ही सिलिंडर रुसले असते. कागदावर दोन रकाने काढून एवढं लिहिलं तरी निम्मं काम होतं, आणि त्याला एक दिनारही लागत नाही.

दुसरा प्रश्न: पेट्रोल की ठिणगी? पेट्रोल कमी पडलं तर मोटर हळूहळू दमते, अडखळते, आणि पाइपातला रबरी फुगा दाबला की थोडी सावरते. ठिणगी गेली तर बटण दाबल्यासारखं एक सिलिंडर जातं आणि थंड झाल्यावर परत येतं. आमची लक्षणं सरळ ठिणगीकडे बोट दाखवत होती.

तिसरी गोष्ट कॉम्प्रेशन. दोन्ही सिलिंडरांचं गेजने मोजून घ्या. तिथेच मोठा फरक असेल तर इग्निशनवर खर्च करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दोष पकडणं

फिंतासला सहकाऱ्याच्या अंगणात मोटर पाण्याच्या ड्रममध्ये टांगली. एक सूचना: आउटबोर्ड कधीही कोरडी चालवू नका. पाणी ओढणारं रबरी चक्र पाण्याशिवाय बघता बघता जळतं. आणि पेट्रोलची वाफ साचेल अशा बंद जागेत हे प्रयोग करू नका.

ठिणगी बघायला बहुतेक जण प्लग काढून इंजिनाला टेकवतात. दोरी ओढली, ठिणगी दिसली, "करंट आहे!" ही फसवी परीक्षा. उघड्या हवेत प्लगची छोटी फट ओलांडणं सोपं असतं, सिलिंडरात दाबाखाली तेच फार अवघड. म्हणून मोठ्या फटीचा स्पार्क टेस्टर वापरायचा. फट साधारण पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर. ठिणगी निळी हवी आणि तिचा "टक" असा खणखणीत आवाज यायला हवा. पिवळट, केविलवाणी ठिणगी म्हणजे नापास. ही परीक्षा घेताना पेट्रोलचा पाइप काढून बाजूला ठेवा, कारण प्लगच्या भोकातून पेट्रोलचा फवारा उडतो आणि शेजारीच ठिणगी असते. प्लगची वायर हाताने धरायचा मोह टाळा.

थंड मोटर: वर निळी, खाली निळी. मग मोटर चालू करून मी वहीत वेळ लिहीत बसलो. बाविसाव्या मिनिटाला आवाज बदलला. लगेच बंद केली, दोन्ही टेस्टर लावले, दोरी ओढली. खाली निळी. वर काहीच नाही. दहा मिनिटांनी अधूनमधून. अर्ध्या तासाने पुन्हा खणखणीत. चाचा म्हणाले, "आता चोर घरात आहे, एवढं नक्की झालं. आता दार लावून शोधायचा." हवा तेव्हा दाखवता येणारा दोष अर्धा सुटलेलाच असतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

फ्लायव्हीलखाली

नट सोडून फ्लायव्हील काढायचं ते पुलरनेच. मधल्या भागात बोल्टसाठी तीन आटे असतात, पुलर त्यांतच बसवायचा. कडेला धरून ओढलं किंवा वरून हातोडा मारला तर फ्लायव्हील वाकतं किंवा तडकतं.

खाली जे दिसतं त्यात इथल्या हवेचा वाटा मोठा असतो. समुद्राचं खारं दमट वारं, त्यावर धुळीची वादळं आणि उन्हाळा. मित्रिबाह या कुवेतमधल्या ठिकाणी २१ जुलै २०१६ ला ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. अशा हवेत वर्षानुवर्षं पडलेल्या मोटरचे पॉइंट काळे पडणारच. "बरेच वर्षांनी काढली आणि करंटच नाही" या तक्रारीचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा गंजाचा पापुद्रा बसतो आणि वर्तुळ पूर्णच होत नाही.

पॉइंट साफ करायची चाचांची पद्धत: बारीक पॉइंट-फाइलचे दोन-तीन हलके हात, मग कोऱ्या व्हिजिटिंग कार्डावर कॉन्टॅक्ट क्लिनर घेऊन ते पॉइंटमधून ओढायचं, कार्ड स्वच्छ निघेपर्यंत. पॉलिशपेपर नको, त्याचे कण पॉइंटात रुततात. (मंडळी, लहानपणापासूनची आपली एक श्रद्धा इथे संपली.) मग फट. या मॅग्नेटोला ती ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि मोजायची ती कॅमच्या सर्वात उंच भागावर पॉइंट पूर्ण उघडलेला असताना. फट कमी-जास्त झाली की पॉइंट उघडायची वेळ बदलते आणि तीबरोबर ठिणगीचीही. कॅमला टेकणाऱ्या नमद्याला थोडंसं ग्रीस, पण पॉइंटला त्याचा स्पर्शही नको.

आमचे वरचे पॉइंट मळलेले होते, पण जळलेले नव्हते. पॉइंट निळे-काळे जळलेले किंवा खड्डे पडलेले असते तर कंडेन्सरवर संशय घेतला असता. तो मीटरवर मोजलाही, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या जवळ आला. सगळं साफ करून, फट लावून, मोटर पुन्हा ड्रममध्ये. या वेळी तेवीस मिनिटं. पुन्हा वरचं सिलिंडर गेलं.

अदलाबदल

उरलं कोण? वरची कॉइल, कंडेन्सर आणि वायर. माझा सूर असा की तिन्ही नवीन मागवून टाकू. चाचांनी मान हलवली. "मग बिघडलं काय होतं, ते कधी कळायचं?" त्यांनी फक्त दोन कॉइलींची जागा बदलली. वरची खाली, खालची वर. बाकी सगळं जिथल्या तिथे. कॉइल बसवताना तिच्या लोखंडी पट्ट्यांची कड प्लेटवरच्या उंचवट्याच्या कडेशी अगदी बोटाला एकसारखी लागली पाहिजे. बाहेर आली तर फ्लायव्हील घासतं, आत गेली तर चुंबकापासूनचं अंतर वाढून ठिणगी कमजोर होते.

मोटर चालू केली. एकविसाव्या मिनिटाला सिलिंडर गेलं, पण या वेळी खालचं. दोष कॉइलीबरोबर चालत खाली आला होता. कंडेन्सर, पॉइंट, वायर, सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले.

ती कॉइल काढून मल्टिमीटर लावला. थंड असताना सेकंडरीचा रोध काही हजार ओहम, दुसऱ्या कॉइलीइतकाच. म्हणजे नुसत्या मीटरवर विसंबून कुणीही तिला पास केलं असतं. मग ती गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवली. कुवेतच्या उन्हाळ्यात ओव्हन विकत घ्यावा लागत नाही. पाऊण तासाने मीटर लावला तर आकडा अनंत. आत कुठेतरी ती केसासारखी तार तुटलेली होती. थंडपणी तिची टोकं एकमेकांना टेकून राहायची, गरम होऊन पसरली की सुटायची. बाहेरच्या आवरणावर भिंगाखाली एक बारीक तडा दिसला. या काळातल्या कॉइलींचं हे प्रसिद्ध दुखणं आहे. आवरण तडकतं, ओल आत शिरते आणि पुढे तार खाते.

दुरुस्तीचं सुख असं की त्या कंपनीने हीच कॉइल बरीच वर्षं लहानमोठ्या कितीतरी मॉडेलांत वापरली, म्हणून नव्याने बनवलेली आजही मिळते. अमेरिकेहून दोन मागवल्या, कारण दुसरीही त्याच वयाची. सोबत कंडेन्सर आणि प्लगच्या तांब्याच्या तारेच्या वायरी. आधुनिक गाडीच्या कार्बन वायरी इथे लावू नयेत. फ्लायव्हील बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि फ्लायव्हीलचं भोक कोरडं, स्वच्छ पुसलं. तिथे तेल-ग्रीस लावायचं नाही. चावी नीट आहे का ते पाहिलं आणि नट मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने आवळला. ढिला राहिला तर चावी कापली जाते आणि टायमिंग जातं.

मग भरवसा कधी ठेवायचा?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोष बाविसाव्या मिनिटाला यायचा, तेव्हा दहा मिनिटं चालवून "झालं" म्हणण्यात अर्थ नव्हता. भर ऑगस्टच्या दुपारी ड्रममध्ये सलग एक तास चालवली. नंतर आणखी दोनदा. दोन्ही टेस्टर गरम असतानाही निळे. मग किनाऱ्यालगत, दुसरी होडी सोबत घेऊन, दोन शुक्रवार.

सहकाऱ्याने विचारलं, आता कुब्बर? मी चाचांकडे पाहिलं. ते त्याला मोडक्या-तोडक्या अरबीत म्हणाले ते साधारण असं: मोटर चांगली आहे, पण म्हातारी आहे. म्हाताऱ्या माणसाला आपण बाजारापर्यंत नेतो, हजला एकटं पाठवत नाही. ठरलं असं की मुलं आजोबांच्या मोटरवर किनाऱ्याजवळ गळ टाकतील, आणि कुब्बरला जायचं ते नव्या मोटरच्या होडीने. सोबत लाइफ जॅकेट, व्हीएचएफ, आणि किती वाजता परतणार ते घरी सांगून. मुलं थोडी खट्टू झाली, पण पहिल्याच दिवशी मोठ्याने स्वतः दोरी ओढून मोटर सुरू केली तेव्हा त्याची आजी अंगणातून उठून ड्रमजवळ आली आणि आवाज बंद होईपर्यंत तिथेच उभी राहिली. काही बोलली नाही.

चाचा त्याच वर्षाअखेरीस गावी परतले. त्यांनी कधी मॅन्युअल वाचलेलं नाही, पण त्यांचा क्रम कुठल्याही पुस्तकात शोभेल असा आहे. थोडक्यात पुन्हा:

१. लक्षण नीट ऐका. अचानक की हळूहळू, थंड की गरम, एक सिलिंडर की दोन्ही.
२. सामाईक भाग आणि स्वतंत्र भाग कागदावर वेगळे करा.
३. दोष हवा तेव्हा दाखवता येईपर्यंत काहीही बदलू नका.
४. आधी साफसफाई आणि फट, कारण ते फुकट आहे.
५. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन सारखे भाग असतील तर अदलाबदल करा.
६. जितका वेळ दोष यायला लागत होता, त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ चालवून मगच पास करा.

तुमच्याकडे गावी एखादी येझदी किंवा वडिलांची स्कूटर शेडमध्ये पडलेली असेल, आणि कुणी "भंगारवाल्याला देऊ का?" असं फोनवर विचारत असेल, तर पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायला सांगा. एक पॉइंट-फाइल, एक फीलर गेज, एक स्पार्क टेस्टर आणि कॉन्टॅक्ट क्लिनरची बाटली, एवढं सामान पुरतं. क्लिनर मात्र गावातच घ्या, विमानात नेऊ देत नाहीत.

कुणाच्या घरी अशी जुनी मोटर असेल आणि अडलं असेल तर लक्षणं सविस्तर लिहा, मिळून शोधू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक कुवेतकर